शालन धायरीला उतरते

श्रीनिवासनं शकीलच्या स्कूटरच्या सीटवर फाडकन थाप मारली, तशी सीटवरची धूळ उडून दोघांच्याही नाकात गेली.

"लागली पैज! दहा दिवसांच्या आत माझी बहीण या शहराला कंटाळून परभणीची गाडी पकडते की नाही बघा."

शकीलनं आधी दोनदा शिंकून घेतलं. मग रुमाल काढून सीट पुसली.

"सीट नवीन आहे. पैज हातावर लावतात."

"हात बघा तुमचे, काळेकुट्ट."

"ऑइल आहे ते. कामानं लागतं. तुम्हा बँकवाल्यांना नोकरीत असतानाही ओळखीचं नव्हतं, आता तर निवृत्त झालात."

कोथरूडच्या या सोसायटीत बावीस वर्षं दोघांची दारं समोरासमोर होती. बावीस वर्षांत एकमेकांशी सरळ असं वाक्य कुणी बोललं नव्हतं. शकीलचं शनिवार पेठेत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आजोबांच्या वेळेपासूनचं. श्रीनिवास एकसष्टचा, पण खोड्या सोळाच्या. लिफ्टमध्ये 'एका वेळी एकच चप्पल आणावी' अशी सूचना सेक्रेटरीच्या सहीनिशी त्यानंच लावली होती, आणि तीन जणांनी ती पाळलीही होती.

"कंटाळतायत कसल्या," शकील म्हणाला. "काल गेटवर रिक्षावाल्याशी भांडत होत्या. चेहरा बघितलात का त्यांचा? वरातीत नाचल्यासारखा. राहणार बघा त्या इथे."

वरच्या गॅलरीत शकीलची बायको सुरय्या कपडे वाळत घालत होती. तिथूनच ती ओरडली, "हरणाऱ्यानं काय करायचं ते आधी ठरवा! मागच्या वेळी पावभाजीवर भागवलंत, ती पण एक प्लेट दोघांत."

शकीलनं जरा विचार केला. "पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे. हरेल त्यानं माईकसमोर उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं, 'माझं चुकलं.'"

श्रीनिवासचा हात हवेतच राहिला. पुण्यात माणूस एक वेळ किडनी देईल, पण हे दोन शब्द देणार नाही.

"कबूल," तो म्हणाला. "पण शालनला यातलं काही कळता कामा नये."

तो हसत जिना चढला. दुसऱ्या मजल्यावर हसू संपलं.

शालन त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आयुष्यात पहिल्यांदाच ती सुट्टी म्हणून कुठे आली होती, आणि तीही त्याच्या बोलावण्यावरून नाही. श्यामलानं, त्याच्या बायकोनं, परस्पर फोन करून तिला तिकीट काढायला लावलं होतं. एकेचाळीस वर्षांत त्यानं एकदाही 'ये' म्हटलं नव्हतं. म्हणणार कसा? शालनला बारावीला त्याच्यापेक्षा अकरा टक्के जास्त होते. पुण्याच्या कॉलेजात गणिताला तिचा नंबर लागला होता. तेव्हा अण्णांनी पुण्यात शिकणाऱ्या थोरल्या मुलाला विचारलं होतं, मुलीला पाठवू का? आणि थोरल्यानं निळ्या आंतरदेशीय पत्रावर लिहिलं होतं, नको. ते शहर मुलींचं नाही. त्या वर्षी तो स्वतः नापास झाला होता आणि घरी पास म्हणून कळवून बसला होता. शालन आली असती तर आठ दिवसांत बिंग फुटलं असतं.

पुढे तिचं लग्न झालं. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला. त्यानंतर परभणीच्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज तिनं शिवले. त्या पत्राचं तिला काही ठाऊक नव्हतं, असं श्रीनिवास धरून चालला होता. पण तिला हे शहर आवडलं, तर ते पत्र खोटं ठरणार होतं. निदान त्याच्यापुरतं तरी. ती कंटाळून गेली, की त्याला झोप लागणार होती.

तो घरात शिरला तेव्हा ती बाल्कनीत बसून सुरय्याच्या कुर्त्याला हुक लावत होती. चष्म्याशिवाय. दोरा एका झटक्यात सुईत गेला.

"दादा, तुला जमतं का रे अजून?" तिनं वर न बघता विचारलं. "की सुई पण श्यामलावहिनीच शोधून देते?"

बोलायला ती अशीच होती. कात्रीसारखी.

त्यानं कामाला सुरुवात केली.

पहिल्यांदा तिला शनिवार पेठेतल्या एका खानावळीत धाडलं. तिथला मालक गिऱ्हाइकाला ताटासकट उठवतो, अशी ख्याती होती. "लाजू नकोस, आमटी तीन-चारदा माग," असं वर बजावून सांगितलं. मग दुपारभर तो फोनकडे बघत बसला. रडवेला फोन काही आला नाही. चार वाजता शालन स्वतःच आली, गाल लाल.

"काय झालं?" त्यानं तोंड लांब करून विचारलं.

"तिसऱ्यांदा आमटी मागितली तर म्हणतो, बाई, आमटी भातावर घ्यायची असते, आंघोळीला नाही. म्हटलं, मग वाटी एवढी मोठी कशाला ठेवता? तर म्हणतो, गिऱ्हाइकाची हाव मोजायला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? तुसडा एकेक."

"अरे ऐक तरी. निघताना मी म्हटलं, पोळी मऊ होती. म्हणाला, 'माहीत आहे.'" ती खुर्चीत बसून हसत सुटली. पदरानं डोळे पुसले. "परभणीत अठ्ठावीस वर्षं कुणी माझ्याशी भांडलेलं नाही, दादा. भांडायला गेलं की समोरचा मऊ पडतो. 'जाऊ द्या काकू, तुम्ही आधीच किती सोसलंय.' भाजीवाली सुद्धा मापात पाप करत नाही माझ्याशी. इथे कुणाला माझं काहीच पडलेलं नाही. किती मोकळं वाटतं!"

स्वयंपाकघराच्या दारात श्यामला उभी होती. तिनं नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

पुढचे चार दिवस असेच गेले. त्यानं भर उन्हात तिला पर्वती चढायला लावली, तर ती वरच्या पायरीवर एका आजोबांशी चढण्याची योग्य पद्धत कोणती यावर वाद घालून आली आणि जिंकूनही आली. साडीच्या दुकानात 'पन्नास साड्या काढायला लाव आणि एकही घेऊ नकोस' म्हणून सांगितलं, तर दुकानदार म्हणाला, "घेणार नाही हे तोंडावर दिसतंय, पण बघा, साड्यांना पण हवा लागेल." त्या दुकानात ती परत दोनदा गेली. समोरच्या दारातून शकील रोज विचारायचा, "काय म्हणतंय परभणीचं बुकिंग?" आणि श्रीनिवास धाडकन दार लावायचा.

आठव्या दिवशी त्यानं हुकमी पत्ता टाकला. शालनला सारसबाग बघायची होती. स्वारगेटला उतरलं की बाग चालत दहा मिनिटांवर. त्यानं सांगितलं, "स्वारगेटहून धायरीची बस धर. शेवटच्या स्टॉपला उतर. समोरच बाग."

दुपारी बारा वाजता गेलेली शालन पाचला आली नव्हती. फोन बंद. साडेपाचला त्यानं श्यामलाला खरं काय ते सांगितलं. श्यामलानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि ती म्हणाली, "तुमचं वय काय? आणि तिचं?" मग ती परत परत शालनचा नंबर लावत बसली. श्रीनिवास बाल्कनीतून गेटकडे बघत उभा राहिला. खाली शकील स्कूटर पुसत होता, आणि पुसता पुसता तोही गेटकडेच बघत होता.

साडेसहाला शालन जिन्यात दिसली. शकील तिच्यामागोमाग वर आला, उत्सुकता लपवायचं सोडूनच.

"सारसबाग स्वारगेटपासून चालत आहे," तिनं दारातच सांगितलं. "हे कंडक्टरनं मला धायरी आल्यावर सांगितलं. म्हणाला, कुणी पाठवलं तुम्हाला? म्हटलं, सख्ख्या भावानं. म्हणाला, मग बरोबर आहे."

शकील खोकला.

"एवढा वेळ कुठे होतीस?" श्रीनिवासचा आवाज चढला. "फोन का बंद?"

"चार्जिंग संपलं. आणि खोली बघत होते." तिनं चपला काढून जोडीनं लावल्या. "स्टॉपसमोर चहा प्यायला बसले. चहावालीच्या शेजारी ब्लाउज शिवायचं दुकान, तीन मशीन, दोनच बायका. तिसरी मशीन नुसती पडून. मुक्ताई म्हणून बाई आहेत, दुकान त्यांचं, वरची खोली पण त्यांची. मी विचारलं, तर म्हणाल्या, 'खोली हाय. पर पाव्हणं-रावळं चालायचं न्हाय, आन् नळ सकाळी सातला जातो, झोपून ऱ्हायलीस तर बोंबलत बस.' मला आवडली बाई. सोमवारी जाते राहायला. शकीलभाई, तिथली पडून असलेली मशीन बघून द्याल का?"

"ताई, डोक्यावर घेऊन नीट करतो," शकील म्हणाला, आणि त्यानं श्रीनिवासकडे असं बघितलं की जणू माईक हातात देतोय. मग त्याच्या घराचं दार हलकेच लागलं.

आत आल्यावर श्रीनिवास सोफ्यावर बसला. टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण काढलं, परत लावलं.

"वेड लागलंय का तुला? एकोणसाठ वय. सुट्टीला आलीस, सुट्टी झाली, परत जायचं. एकट्या बाईनं राहण्यासारखं हे शहर नाही, शालन."

शालन पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती. ती थांबली.

"'माणसं तुसडी आहेत,'" ती म्हणाली. शाळेत धडा म्हणून दाखवावा तशा सपाट आवाजात. "'शालनचं मन इथे रमणार नाही. तिच्यासाठी तिकडेच एखादं चांगलं स्थळ बघावं. कळावे. ताजा कलम, चिवडा संपला. पाठवावा.'"

आत कप मांडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

श्रीनिवासच्या हातातून झाकण निसटून सोफ्याखाली गेलं. त्यानं ते शोधलं नाही.

"अण्णांनी दाखवलं तुला?"

"अण्णांना मोतीबिंदू होता. विसरलास? तुझी सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचे. ओसरीवर, मोठ्यानं. पुण्याचं पत्र आलंय म्हणून शेजारचे पण येऊन बसायचे."

"मग तू..." तो सोफ्यावर पुढे सरकला. "वेगळं काहीतरी वाचायचंस. कुणाला कळणार होतं?"

"जे लिहिलंय ते वाचायचं असतं, दादा. तू पास झाल्याचं पत्र पण मीच वाचलं होतं. पेढे वाटले आम्ही."

तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी बाल्कनीतल्या कुंडीत ओतलं. मग परत आली.

"चिवडा पाठवला होता. पोचला ना?"

"पोचला," तो म्हणाला.

रविवारी पार्किंगमध्ये तीसएक खुर्च्या मांडल्या होत्या. सोसायटीचे अध्यक्ष समर्थ माईकवर फुंकर मारून तो चालू असल्याची खात्री करत होते. पहिले दोन विषय भांडणात गेले, तिसरा चहात. मग शकील उठला. खास आज त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"अध्यक्ष महाराज, एक विषय नोंदीत नाही, पण साक्षीदार आहेत. श्रीनिवासरावांना काहीतरी निवेदन करायचंय."

पैज सगळ्या बिल्डिंगला माहीत होती. पुढच्या रांगेत लगेच मोबाइल वर झाले. सुरय्यानं तर मागच्या बायकांना पुढे सरकवलं. कुणीतरी शिट्टी मारली. चौथ्या रांगेत शालन होती. तिची बॅग सोमवारसाठी भरून झाली होती, हातात सुरय्याचा दुसरा कुर्ता होता, आणि तिला वाटत होतं की सभा पाण्याची आहे.

श्रीनिवास माईकपाशी गेला. एरवी इथे तो दहा मिनिटं लोकांना हसवायचा. आज त्यानं माईकची दांडी वर केली, परत खाली केली.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही!" मागून आरोळी आली.

"मोठ्यानं, श्रीनिवासराव!" शकील ओरडला. "बावीस वर्षांचं आहे, एवढ्यात भागणार नाही!"

हशा झाला. श्रीनिवास हशा विरेपर्यंत थांबला. त्यानं शकीलकडे बघितलंच नाही. चौथ्या रांगेकडे बघितलं.

"शालन," तो म्हणाला. "माझं चुकलं. शहर चांगलं आहे. तेव्हाही होतं."

शकीलनं वर धरलेला फोन खाली घेतला. पुढच्या रांगेतले हात काही कळेना म्हणून तसेच वर राहिले. श्यामलानं खुर्चीच्या दांडीला घट्ट धरलं होतं.

शालननं दाताखाली धरून दोरा तोडला.

"आलं ऐकू," ती म्हणाली. माईक नसूनही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "अध्यक्ष, पुढचा विषय घ्या."

समर्थांनी घाईनं कागद उलटला. पुढचा विषय टँकरचा होता. ते वाचत राहिले, माणसं हळूहळू खुर्च्यांत टेकली, आणि श्रीनिवास माईकपाशी तसाच उभा राहून चौथ्या रांगेत बघत राहिला. शालननं सुईत दोरा ओवायला घेतला. हुकला. तिनं टोक ओलं केलं आणि पुन्हा ओवायला घेतला.