पिवळी गाडी बंद पडली ती संध्याकाळ

जोआन फेटरहॉफ माझ्या गॅरेजमध्ये आली तेव्हा मी पिवळ्या पिकअपखाली आडवा होतो. तिने दारातूनच विचारलं, "लमार, सत्त्याऐंशी साली ही बंद कशी पडली?" एकतीस वर्षांत हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला असेल, पण हातात वही घेऊन कुणी विचारला नव्हता.

जोआनने आमच्या वर्तमानपत्रात वीस वर्षं शर्यतींच्या बातम्या लिहिल्या. आता ती एल्वुड डाइबलरवर पुस्तक लिहीत होती. ते व्हायलाच हवं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या या भागात मातीच्या ट्रॅकवर त्याच्याइतकं कुणी जिंकलं नाही. डोक्यावर पत्र्याचा पंख असलेली गाडी वळणावर आडवी घालून भिंतीला तिचा रंग लावत जायचा, तेही दिवसभर कोंबड्यांच्या शेडमध्ये राबून आल्यावर. अशा माणसाचं पुस्तक नाही व्हायचं तर कुणाचं? माझं म्हणणं फक्त एवढंच होतं, की त्यात माझ्याबद्दल जी एक ओळ येणार होती ती मला मान्य नव्हती.

तिने ती वाचून दाखवली. केटल रनच्या ट्रॅकवरचा एक कामगार, झर्बी, म्हणजे मी, याने आपली पिकअप नीट राखली नव्हती. त्यामुळे डाइबलर त्या वर्षीच्या विजेतेपदाला चार गुणांनी मुकला.

"नीट राखली नव्हती?" मी गाडीखालून बाहेर आलो. "दर महिन्याला ऑइल बदलतो मी हिचं. बायकोची काळजी घेतली नसेल एवढी हिची घेतली, आणि बायकोनेही ते सगळ्यांना सांगितलं."

"मग बंद का पडली?" जोआनने शांतपणे विचारलं.

मी तिच्याकडे चार दिवस मागितले.

या शर्यतीच्या गाड्यांना स्टार्टर नसतो. मागून कुणीतरी ढकलायचं, वेग आला की इंजिन पेटतं. पुढच्या बंपरला टायर ठोकलेल्या आमच्या तीन पिकअप ते काम करायच्या, आणि पिवळी माझी. ढकलणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. पण ट्रॅकवर जायच्या आधी ड्रायव्हरचे डोळे जवळून बघणारा शेवटचा माणूस तोच असतो, कारण मी तरी दर वेळी पुढे जाऊन बघायचो. हेल्मेटवर थाप मारायची, त्याने दोन बोटं वर करायची, की मी मागे येऊन गाडीत बसायचो.

ती मोसमातली शेवटची शर्यत होती. एल्वुड अकरा गुणांनी पुढे होता. संध्याकाळच्या पात्रता फेरीत तिसऱ्या वळणावर त्याची गाडी पाच-सहा कोलांट्या खाऊन उलटी पडली. तो पट्ट्यांना लटकला, मग सुटला आणि चालत आला. लोक उभे राहून ओरडत होते. रुग्णवाहिकेतल्या माणसाने त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि पाठीवर थोपटून सोडून दिलं. तेव्हा तपासणी एवढीच असायची. त्याच्या गाडीवर काम करणाऱ्या पोरांनी तासाभरात पुढचा आस बदलला, दुसऱ्याचा पंख मागून आणून चढवला, आणि मुख्य शर्यतीला आम्ही सगळ्यांत शेवटी रांगेत आलो.

मी पुढे गेलो. हेल्मेटवर थाप मारली. एल्वुडने बोटं वर केली नाहीत. मला जवळ बोलावून तो म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, तिसऱ्या वळणावर पाणी कमी पडलंय. अजून एक टँकर मार म्हणावं."

माझे वडील ट्रॅकची माती ओली ठेवायला पाण्याचा टँकर चालवायचे हे खरं. पण त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत एल्वुड होता.

 पंचांना सांगितलं असतं तर एल्वुडने साफ नाही म्हटलं असतं, आणि वर गाड्या तयार करतात त्या सगळ्या पिटमध्ये बभ्रा झाला असता. एकदा का डोक्याला मार बसल्याची कुजबुज सुरू झाली, की कुणी मालक त्या माणसाला गाडी देत नसे. त्याच्याकडे दुसरं काय होतं? कोंबड्या. ट्रॅकवर जायच्या फाटकातून एका वेळी एकच गाडी जाते. एल्वुडच्या गाडीचं नाक फाटकात होतं, माझी पिकअप तिच्या मागे, आणि बाकीच्या दोन पिकअप माझ्या मागे. मी डॅशबोर्डखाली हात घालून इंजिनची एक वायर उपटली आणि बुटात कोंबली.

मागे राहिलेल्या गाडीला दोन मिनिटं मिळतात. पोरांनी माझी गाडी हाताने रेटली, मला शिव्या दिल्या, आणि ती बाजूला होईस्तोवर हिरवा झेंडा पडून शर्यत सुरू झाली होती.

त्यानंतर माझं काय झालं ते गावात कुणालाही विचारा. मला एक मोसम घरी बसवलं. चर्चच्या जेवणात लोक म्हणायचे, "लमार, घरी जाताना गाडी चालू होईल ना, की धक्का मारायला येऊ?" तेही हसून, ताटात बटाटे वाढता वाढता. एल्वुड माझ्याशी बोलायचा थांबला. कुणाच्या मयताला भेटलो तर मान हलवायचा, एवढंच. मी तोंडातून ब्र काढला नाही. आणि खरं सांगायचं तर मला कधी खात्रीही नव्हती. कदाचित तो नुसता गोंधळला असेल. कदाचित शर्यत जिंकला असता. पुढच्या वसंतात तो ठणठणीत परत आला आणि पहिल्या तीन शर्यती जिंकला. त्या प्रत्येक विजयाने मी जास्तच मूर्ख ठरलो.

गुरुवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. डोकं त्याचं, त्याला विचारल्याशिवाय पुस्तकात घालायचा मला अधिकार नव्हता. अर्लीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, दार उघडलं आणि काही न विचारता माझ्यासाठी ताट मांडलं. कोंबडीच्या रश्शातले पिठाचे जाड चौकोन आणि बिटाच्या रसात मुरवलेली लाल अंडी. एल्वुड आता चौऱ्याहत्तरचा. हात थरथरतात, पण जीभ शाबूत आहे.

"गाडी चालू झाली वाटतं यायला," तो म्हणाला.

मी काटा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. टँकरचं, वडिलांचं, बुटातल्या वायरचं. सांगताना त्याच्याकडे बघवलं नाही म्हणून मी त्या लाल अंड्याकडे बघत बसलो.

अर्लीन आधी बोलली. "त्यानंतर चार दिवस हा झोपून होता. पडदे उघडू देईना. मला वाटलं, हरला म्हणून रुसलाय." ती खुर्चीत बसली आणि वाढायला परत उठली नाही.

"मला सांगायचंस," एल्वुड म्हणाला.

"तू मला ठोसा मारला असतास."

"तेव्हा मारला असता. नंतर का नाही सांगितलंस?"

"नंतर तू बोलत नव्हतास."

त्याने ताट बाजूला सारलं. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "लमार, मला ती संध्याकाळ आठवतच नाही. सकाळी गाडीच्या मालकाकडे न्याहारी केली ते आठवतं, आणि मग एकदम सोमवार. तुझी गाडी बंद पडली हे मला लोकांनी सांगितलं. मी तुझ्यावर चिडलोय हेसुद्धा त्यांनीच सांगितलं. आठवत नाही असं कुणाला सांगणार? गाडी गेली असती. म्हणून मी चिडलो."

"एकतीस वर्षं?"

"सवय झाली."

मला संताप आला. त्याच्या घरात, त्याच्या टेबलावर बसून मी त्याला नको ते बोललो. मी ज्या गोष्टीसाठी गावभर हसं करून घेतलं, तीच गोष्ट लपवायला हा माझ्यावर रुसून बसला होता. अर्लीनने मला थांबवलं नाही. बोलून झाल्यावर मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"तिसरं वळण खरंच कोरडं होतं का?" एल्वुडने विचारलं.

"होतं. बाप असता तर त्याने पाणी मारलं असतं."

तो म्हणाला, जोआनला सगळं लिहू दे, टँकरसुद्धा. ती एक ओळ गेली आणि तिच्या जागी अडीच पानं आली. त्यात माझ्या ऑइलचाही उल्लेख आहे. तो मी सांगून घालायला लावला.

पुस्तक छापून यायच्या आधीच, जूनमध्ये, केटल रनवाल्यांनी एल्वुडचा सत्कार ठेवला. त्याची जुनी गाडी कुणाच्या तरी कोठारातून काढून रंगवली होती. तीत बसून त्याने एक हळू फेरी मारायची, बस्स. कोण ढकलणार असं विचारल्यावर त्याने माझं नाव घेतलं. मी पिवळी पिकअप फाटकाच्या बोळात आणली तशी गॅलरीत हशा पिकला. "धक्का मारायला येऊ का रे, लमार?" कुणीतरी वरून ओरडलं. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. माझे कान तापले, पण मी खाली उतरलो.

पुढे गेलो. हेल्मेटवर थाप मारली. एल्वुडने लगेच दोन बोटं वर केली. तरी मी तिथेच उभा राहिलो आणि वाकून त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"हा कुठला ट्रॅक?" मी विचारलं.

"केटल रन."

"आणि माझा बाप कुठे आहे?"

"चर्चच्या मागे, वरच्या रांगेत," तो म्हणाला. "मी नेऊन ठेवलाय."

मग मी गाडीत जाऊन बसलो आणि त्याला ढकललं.