घाम गाळायचं प्लास्टिक

भरतीला उभी राहणारी पोर ज्या घरात असते, त्या घरात सगळेच मास्तर होतात. कुणी कच्ची अंडी सांगतं, कुणी भिजवलेले हरभरे. जन्मात बस पकडायलासुद्धा न पळालेला मामा येऊन पाय कसे टाकायचे ते शिकवून जातो. तुमच्या घरी असलं काही नसेल तर तुम्ही नशीबवान. राहनाळच्या शेवंताच्या घरी मात्र या सगळ्यांच्या वर एक मोठी मास्तर बसली होती, खुद्द शेवंता.

तिची लेक दीक्षा पोलीस भरतीची तयारी करत होती. तीन किलोमीटर पळायचं, आणि वेळ काही केल्या कमी होईना. भरतीला महिना उरला तसं शेवंताने ठरवून टाकलं, पोरीचं अंग जड आहे. तिचा नवरा कोंडू गोडाऊनमध्ये कामाला. खोक्यांच्या थप्प्यांना गुंडाळतात त्या पातळ प्लास्टिकचा एक रोल त्याने पत्र्याखाली लावायला म्हणून घरी आणून ठेवला होता. तिथल्याच लडकू हमालाने सांगितलं, भरतीची पोरं हेच पोटाला गुंडाळून पळतात, घामावाटे चरबी निघून जाते.

झालं. रोज दुपारी शेवंता लेकीला उभी करायची, हात वर करायला लावायची आणि कमरेपासून छातीपर्यंत सहा वेढे घट्ट द्यायची. वरून टी-शर्ट. ऐन एप्रिलात चार वाजता, कारण ऊन असलं की घाम जास्त. परत येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पळून आल्यावर पोर गोडाऊनच्या काट्यावर दीड किलो कमी भरायची, आणि शेवंता ते आळीभर सांगत फिरायची. दुसऱ्या दिवशी ते दीड किलो परत कुठून येतं, हे तिने कधी विचारलं नाही.

शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले केसरीनाथ मास्तर एकदा ओट्याशी थांबले होते. प्लास्टिकचं त्यांना ठाऊक नव्हतं, पण भर उन्हात पळणारी पोर दिसत होती. वहिनी, सकाळी सहाला पळवा, पळण्याआधी आणि नंतर पाणी द्या, अंतर आठवड्याला थोडंथोडंच वाढवा, एक दिवस पायांना सुट्टी द्या, असं ते हळू आवाजात सांगत होते. शेवंता म्हणाली, "मास्तर, तुमचं पोट तुमच्या आधी घरात शिरतं. तुमी नका पळायचं शिकवू." ओट्यापाशी बसलेले गोडाऊनचे हमाल खो खो हसले. या वाक्याचा तोरा तिला दोन दिवस पुरला.

तिसऱ्या दिवशी दीक्षा म्हणाली, "आई, डोकं गरगरतंय. आज नको."

"ड्युटीवर साहेबाला असंच सांगशील का?" शेवंताने विचारलं, आणि त्या दिवशी एक वेढा जास्त दिला.

साडेचारला येणारी पोर पावणेपाच झाले तरी आली नाही. शेवंताने दारातून दोनदा पाहिलं. पाच वाजता ती चपला न घालताच बाहेर पडली. चहावाल्याने जाताना पाहिली होती, येताना नाही. पानवाल्यानेही नाही. रस्ता तापलेला होता, तळवे भाजत होते, पण तिला वाटेत दिसेल त्या लाल कपड्यात दीक्षाचा टी-शर्ट दिसत होता. एक ट्रकवर बांधलेली ताडपत्री निघाली, एक कुणाचा वाळत टाकलेला परकर.

पोर सापडली बंद गोडाऊनच्या भिंतीशी, उभ्या ट्रकच्या आडोशाला. पाय पसरून बसली होती, मान एका बाजूला. शेवंताने कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकं ते तापलेलं. "आई, शिट्टी झाली का?" दीक्षा म्हणाली. तिथे कसली शिट्टी? पोर बरळत होती.

शेवंताने हाका मारल्या. पाच-सहा हमाल धावत आले आणि त्यांच्या मागून सायकल टाकून केसरीनाथ मास्तर. कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी शेवंता लेकीच्या तोंडात ओतू लागली, तर मास्तरांनी हात धरला. "शुद्धीत नाही ती, पाणी श्वासात जाईल. अंगावर ओता. आधी कपडे सैल करा."

शेवंताने टी-शर्ट उलट खाली ओढला. "बापयांसमोर न्हाय, मास्तर. पोरीची लाज हाय."

लाज पोरीची नव्हती. परवा तिच्या शब्दावर हसलेले तेच हमाल समोर उभे होते, आणि ज्याला ती हसली तो मास्तर गुडघ्यावर बसला होता.

"आत काय चरचरतंय?" मास्तरांनी विचारलं.

"काय न्हाय."

एवढ्यात दीक्षाचे डोळे वर गेले आणि हात आखडले. बायांनो, त्या एका क्षणात शेवंताला आपला सगळा तोरा दिसला! पोर तिच्या हातातून जात होती आणि ती टी-शर्ट धरून बसली होती!

"प्लास्टिक हाय!" ती ओरडली. "पोटाला प्लास्टिक हाय, मास्तर! मीच गुंडाळलंय!"

हमालांनी आपण होऊन पाठी फिरवल्या. एकाने मागे हात करून कटर दिला. शेवंताने स्वतःच्या हाताने सातही वेढे कापले, आतून कढत वाफ आली. ट्रक धुवायचा पाइप ओढून आणला, मास्तरांनी डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडलं, खोक्यांचे पुठ्ठे फाडून सगळे वारा घालू लागले. पाणी घालतच पोरीला टेम्पोत चढवली.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, वाटेत पाणी घातलं म्हणून हाती लागली, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही. ते दोन दिवस शेवंता बाकावर बसून होती. बाजूला मास्तर. टोमणा मारायचा हक्क त्यांना होता, त्यांनी मारला नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "घामावाटे चरबी जात न्हाय का वो?"

"पाणी जातं, वहिनी. प्यायलं की परत येतं. ट्रकच्या रेडिएटरवर गोणपाट बांधून कुणी चढावर घालेल का? पळणाऱ्या अंगाचा रेडिएटर म्हणजे घाम. तो उडाला की अंग गार होतं. तुम्ही तोच बांधून टाकलात. आणि पोर सांगत होती गरगरतंय म्हणून. ते ऐकणं हाच अर्धा सराव."

शेवंताला तो जास्तीचा सातवा वेढा आठवत होता.

तिसऱ्या दिवशी दीक्षाने डोळे उघडले आणि आईला ओळखलं. त्या साली भरती हुकली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मास्तरांनी तिला आधी चालायला लावलं, मग दोनशे पावलं पळायला.

आता सकाळी सहाला राहनाळच्या नाक्यावर शेवंता पाण्याची कळशी घेऊन उभी असते. पळायला आलेल्या प्रत्येक पोरीच्या पोटावर ती चापट मारते आणि कान देते. चरचर आली की तिथेच सोडायला लावते. मग स्वतः काय केलं ते सांगते, टी-शर्ट खाली ओढला होता तेसुद्धा.

तुमच्या घरात कुणी पळत असेल तर तिला पाणी द्या, सावलीची वेळ द्या, विसावा द्या, आणि ती नको म्हणाली तर थांबा. आणि चूक झालीच, तर ती झाकत बसू नका. शेवंताने झाकायला घेतलेला वेळ थोडाच होता. पण तो दीक्षाच्या जिवाच्या वाट्याचा होता.