अब्बांचा गुडघा

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये तिघं बसून टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहीत. मुख्य लेखक दिगंबरसर, संवाद लिहिणाऱ्या नीरजाताई आणि दीड महिन्यापूर्वी आलेली अफशीन. चौथ्या भागाचं घोडं अडलं होतं, म्हणून अफशीननं घरचा किस्सा सांगितला.

तिच्या अब्बांचं, कादरभाईंचं, स्वारगेटजवळ मिक्सर दुरुस्तीचं दुकान. कान जरा अधू झालेले. गेल्या महिन्यात तिला बघायला पाहुणे आले. आधी अब्बांच्या गुडघेदुखीची चौकशी झाली. मग मुलाच्या वडिलांनी विचारलं, "लग्नानंतर मुलगी काम सोडेल ना?"

अब्बा म्हणाले, "कुठे सोडतोय! जिना चढताना तर जास्तच धरतो."

नीरजाताई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. दुपारपर्यंत प्रसंग लिहून झाला.

मग वाहिनीकडून मालिकेचं काम बघणाऱ्या सलोनीचा फोन आला. "बहिऱ्या माणसावर विनोद नको. लोक दुखावतात. त्याला ऐकू येतं, पण तो नाटक करतो, असं करा."

"कशासाठी नाटक करतो?" सरांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा ना सर."

त्यांनी ठरवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या खर्ड्यात बापाला जावई पसंत नव्हता, तिसऱ्यात बाप विसराळू झाला. चौथ्यात बापाचा मामा झाला आणि मोबाईलला रेंज नव्हती. पाचवा खर्डा नीरजाताईंनी मोठ्यानं वाचला. कुणीच हसलं नाही.

"पहिल्यांदा आपण कशाला हसलो होतो?" सरांनी विचारलं. मग ते अफशीनकडे वळले. "वडिलांना विचारलंयस ना, हे लिहू का म्हणून?"

तिनं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ती दुकानात गेली. अब्बा एका मिक्सरचं पातं बसवत होते. तिनं ओरडून सगळं सांगितलं. समोरचं गिऱ्हाईकही ऐकत राहिलं. अब्बांनी गिऱ्हाईकाला मिक्सर देऊन वाटेला लावलं आणि हळूच म्हणाले, "त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"तो प्रश्न. तुझा चेहरा बघितला. हो म्हणालो असतो तर तुला बांधून टाकलं असतं, नाही म्हणालो असतो तर पाहुण्यांचा अपमान. मग गुडघा पुढे केला."

अफशीन स्टुलावर बसली. महिनाभर ती हा किस्सा सांगून लोकांना हसवत होती. "मग तुम्हाला खरंच कमी ऐकू येतं की नाही?"

"येतं कमी," अब्बा म्हणाले. मग हात पुसत, "कधी कधी."

"मी हे लिहू?"

ते पुढचा मिक्सर उघडू लागले. त्यांना ऐकू गेलं की नाही, तिला कळेना. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "लिही. नाव बदल."

दुसऱ्या दिवशी तिनं सहावा खर्डा एकटीनं लिहिला. बाप तेच गुडघ्याचं उत्तर देतो, पाहुणे हसतात, मुलगीही हसते. फक्त बाप तिच्याकडे बघत राहतो. सरांनी तो दोनदा वाचला.

"हे विनोदी आहे का गं?"

"माहीत नाही, सर."

"मलाही नाही," म्हणत त्यांनी तो पाठवून दिला. तासाभरानं सलोनीचा निरोप आला, मंजूर. नीरजाताईंनी कपाळाला हात लावला आणि पाचव्या भागाची कोरी पानं पुढे ओढली.