खारीची ओळ

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत एक बारीकशी उभी रेघ लुकलुकत होती — विझायची, पेटायची, पुन्हा विझायची — आणि विमलबाईला वाटत होतं, कुणीतरी आपल्याकडे बोट दाखवून हसतंय. वाचता कुठं येत होतं तिला! दुसरीत पाटी फुटली ती फुटलीच. पण लग्नातले धवळे गायला अक्षर लागत नाही, गळा लागतो. आणि घणसोली गावात तिच्या गळ्याशिवाय कुणाला हळद लागत नव्हती.

उन्नती, तिची नात, कॉम्प्युटरमध्ये संशोधन करते म्हणे. धवळे गाणाऱ्या बायकांचं, धवलारणींचं, गाणं टेप करायचं, सगळ्यांचं मिळून एकच दस्तऐवज बांधायचा; कुणी कधी काय गायलं, काय गाळलं, सगळं त्यात राहतं, पुसलं म्हणून काही जात नाही. 'बांध बांध,' विमलबाई म्हणाली होती, 'त्या उरनवाले धवलारनीला पन कलू दे, आमचे घरान्यान येक अक्षर हाललेला नाय.'

आणि आता ही कोरी जागा.

"आजी, तुझ्या जुन्या कॅसेटमध्ये इथं एक ओळ आहे. नंतरच्या एकाही लग्नात नाही."

"तुजी मशीन बिघरलीय. नायतं ती उरनवाली असंल, जास्तीचा पीठ कालवनारी."

"आवाज तर ऐक."

उन्नतीनं बटण दाबलं. मुसळाचे ठोके... आणि तरणा, माजोरडा गळा — अगं, हा तर माझाच! —

भात गो कंचे शेताचा?
भात आमचे खारीचा...

खारीचा. खाडीकाठच्या त्या शेताचा. नव्या शहरासाठी सरकारात जमीन गेली तेव्हा अख्खी आळी रडली, ती नाही रडली. पदर खोचून म्हणाली, शेती गेली तं गेली, खोल्या बांधू, भाडेकरू ठेवू — आणि ठेवले, आणि लग्नाचा तांदूळ दुकानातून गोणीनं यायला लागला, आणि गाण्यात तिनं उखळाच्या ओळीवरून थेट हळदीच्या ओळीवर उडी... कधी? कुठल्या मांडवात? आठवायला गेली तर हाती काही लागेना. ओळ काढली कुणी? मी? मलाच न विचारता? आणि त्या उरणवालीला मी भर मांडवात हसले होते, 'शेत गेला, न गान्यान कशाला पेरतेस गो?' — ती बाई गातच राहिली होती.

"मुख्य पाठात ही ओळ ठेवू की गाळू?" उन्नतीनं विचारलं. "आज पाठवायचंय. तू म्हणशील तसं."

ठेव म्हणावं, तर उद्याच्या हळदीला ती गावी लागणार — शेत कंचं म्हणून आपणच विचारायचं आणि उत्तरही आपणच द्यायचं, समोर शेताच्या जागी टॉवर. गाळ म्हणावं, तर सासूनं तोंडी दिलेलं... जीभ आजवर हुकमाची चाकर होती. आज कळतंय, ती इतकी वर्षं माझ्या पाठीमागं दुसऱ्याच कुणाचं ऐकत होती.

"आजी?"

विमलबाईनं थांब म्हणून हात वर केला. थंडगार लादीवरचे पाय तिनं हळूच खुर्चीवर आखडून घेतले — तळव्यांना खारीचा चिखल लागत होता.