गच्चीवरचा अँटेना आणि पत्र्याचा कूलर

मित्रांनो, माशाच्या काट्यासारखा दिसणारा मी टीव्हीचा एक जुना अँटेना आहे. माझा जन्म नागपुरातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या नळ्या फार मापात कापल्या, कारण नळी थोडी जरी लांब-तोकडी झाली, तरी मला लहरी नीट पकडता येत नाहीत.

तिथल्याच इंदोरा वस्तीतल्या रुपराव आणि सुभद्राबाईंच्या गच्चीवर मेकॅनिकने मला उंच पाइपावर बसवले. तोंड टीव्ही केंद्राच्या मनोऱ्याकडे केले आणि चपटी तार लोखंडाला न टेकवता खाली नेली. चित्र इतके स्वच्छ आले, की शेजारच्या कांताबाई रोज संध्याकाळी येऊन बसू लागल्या. मला कोण अभिमान वाटे!

पुढे एका जानेवारीत रुपराव-सुभद्राबाईंची लेक लतिका एनसीसीतून दिल्लीच्या संचलनासाठी निवडली गेली. सुभद्राबाईंनी सगळ्या मोहल्ल्याला निमंत्रण दिले. सव्वीस तारखेला सकाळीच खोली भरली. टीव्ही लावला, संचलनातले उंट आले आणि सुभद्राबाई ओरडल्या, "अजी, उंटाले दोन कुबडं दिसून राहिले! आता आपल्या लतिका दोन दिसल्या, त मी कोणती ओळखू?"

रुपराव धावत गच्चीवर आले आणि मला पिळू लागले. "आता?"

"आता तीन झाले!"

"थांबा भाऊ," अंगणातून कांताबाई म्हणाल्या, "एवढ्या लतिका आल्या, त मोहल्ल्यात जागा नाही पुरायची!"

रुपराव घामाघूम झाले. टेकायला म्हणून त्यांनी मागे हात टाकला, तर तो कूलरवर पडला. उन्हाळा संपला की नागपुरात कूलर गच्चीवर चढतो. आदल्याच दिवशी गच्ची आवरताना रुपरावांनी तो माझ्या पाइपाला खेटून ठेवला होता आणि माझी लोंबणारी तार नीटनेटकी दिसावी म्हणून कूलरलाच गुंडाळली होती. मनोऱ्याची लहर मला सरळ भेटे आणि तीच लहर पत्र्यावर आपटून जराशा उशिराने पुन्हा भेटे. मग एकाची दोन चित्रे होणारच! मला कळत होते, पण बोलणार कसा?

रुपरावांनी माझे तोंड पुन्हा मनोऱ्याकडे केले आणि भराभरा तार सोडवली. कांताबाई वर आल्या. "कूलर आहे का म्हैस? ढकला जी!" दोघांनी तो पार कोपऱ्यात नेला.

"आलं! एकच आलं!" खालून हाक आली.

तेवढ्यात मुलींची तुकडी आली. सगळ्यांची टोपी सारखी, पाऊल सारखे. "हेच माझी लतिका! नाही, हे!" सुभद्राबाई पडद्यावर बोट ठेवत म्हणाल्या. धापा टाकत खाली गेलेल्या रुपरावांनी विचारले, "कोणती वं?"

"साऱ्याच!" असे म्हणून सुभद्राबाई शेवटची रांग जाईपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या.

लतिका परतली तेव्हा हसून म्हणाली, "आई, मी त पलीकडच्या टोकाले होती. कॅमेऱ्यात आलीच नसन."

"मले दिसली," सुभद्राबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

मित्रांनो, आता माझी एक नळी वाकली आहे आणि कावळे माझ्यावर झोके घेतात. तरी माझी तक्रार नाही. तुमच्या गच्चीवर माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्याजवळ पत्रा ठेवू नका, तार लोखंडाला गुंडाळू नका आणि अधूनमधून त्याचे स्क्रू आवळा. खाली कोणाची तरी आई पडद्यापुढे बसलेली असते.