आठ डोसांची बाटली

मित्रांनो, मी काचेची आहे, औषधाची आहे आणि बरीच जुनी आहे. माझ्या अंगावर हिरवट झाक आहे आणि तळाशी हवेचा एक बुडबुडा अडकलेला आहे. तो आत कसा शिरला, हे मला अजून कळलेले नाही. लहानपणापासून मला असेच प्रश्न पडतात.

एका काच कारखान्यात माझा जन्म झाला. गवतात गुंडाळून, बोटीने, मी मालवणला आले आणि बाजारातल्या एका दवाखान्याच्या फळीवर उभी राहिले. तिथले कंपाउंडर सत्यवानकाका पातळ औषध करून आमच्यात भरत. मग कागदाची पट्टी घडी घालून कातरत आणि खळीने आमच्या पाठीवर चिकटवत. पट्टीला जितके दात, तितके डोस. माझ्या पट्टीला आठ दात असत.

बाटल्या धुवायला सुभद्रा नावाची मुलगी येई. दांड्यावरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या वस्तीतल्या, लवू नावाच्या मच्छीमाराची ती लेक. सातवी पास झालेली, महिना आठ रुपये पगार. वर्षभरात ती पट्ट्या कातरू लागली, मग औषधही मोजू लागली. काका तिला म्हणत, "आधी रंग बघ गो, मगे पट्टी बघ. पट्टी खोटा बोलात, रंग बोलूचो नाय."

१९५६ साली सुभद्राला समजले, की रत्नागिरीला एका इस्पितळात मुलींना दोन वर्षांत परिचारिकेचे शिक्षण देतात. ती काकांना म्हणाली, "सगळा तुमी शिकवतास. मगे पैसे भरून कित्याक जावचा?"

काका औषध ढवळायचे थांबले. "मी तीस वर्षां ह्या करतंय. सरकारी दवाखान्यात जागा निघाली तेव्हा गेललंय. तेंनी कागद विचारल्यानी. हात कोण बघणा नाय."

जे काकांना येत होते, ते कागदावर नव्हते म्हणून येत नव्हते असे कसे झाले? मी फळीवर उभी राहून खूप विचार केला.

त्याच सुमारास मी सुभद्राच्या घरी राहायला गेले. तिची आई हौसाबाई अशक्त झाली होती, पाय सुजत होते. तिला रक्तवाढीचे लाल औषध दिले होते. दिवसाला दोन डोस, म्हणजे मी चार दिवसांची. भरून घ्यायला दर वेळी बारा आणे पडत. पण हौसाबाई मला आठ-आठ दिवस पुरवी. सुभद्राने विचारले, तर म्हणे, "सकाळचो डोस विसारतंय गो."

एका संध्याकाळी सुभद्राने जमिनीवर खुब्यांच्या शिंपल्या मांडल्या. एक शिंपली म्हणजे दहा रुपये. अनामत, पांढरी लुगडी, बूट, ट्रंक, बोटीचे भाडे, खानावळ मिळून सोळा शिंपल्या झाल्या. मग तिने स्वतःच आणखी एकोणीस ठेवल्या.

"ह्यो कसल्यो?" लवूने विचारले.

"माझो दोन वर्षांचो पगार. तो जातलो ना."

लवू हसला. "स्वतःच्याच इरुद्ध साक्ष देतंस? वकील तरी हो." मग त्याने चिलीम खाली ठेवली. घरात दीडशे रुपये होते, ते रापणीसाठी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. प्रत्येक घराने आपला तुकडा जोडायचा, तेव्हा मासळीत वाटा मिळतो. लवूचा तुकडा कुजला होता. "जाळा घातलंय नाय तर वाटो गेलो. मगे दोन वर्षां काय, वाळू खावची?"

"दोन वर्षांनी महिन्याक पंच्याऐशी मिळतले, बाबा."

"ते दोन वर्षांनंतरचे शिंपले आता दाखव नको."

हौसाबाई म्हणाली, "बोलूक दे रे तिका." आणि डोस घ्यायला तिने मला उचलले. सुभद्राने सहज पाहिले आणि मला तिच्या हातातून घेऊन दिव्यापुढे धरले. पट्टीप्रमाणे मी निम्मी होते. पण माझ्यातले औषध गुलाबी दिसत होते.

"आये, पाणी कोणी घातला ह्याच्यात?"

"लय कडू होता. घशाक लागता."

"आये."

हौसाबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली. "पंधरा रुपये बारा आणे आसत. तुझ्या बुटांक."

साडेपाच महिने ती माझ्यात पाणी मिसळत होती. पहिल्यांदा पाणी पडले, तेव्हा हे कुठले नवे औषध, असे मला वाटले होते. बोलता आले असते तर मी सांगितले असते का? ठाऊक नाही.

सुभद्राने सगळ्या शिंपल्या एका हाताने गोळा केल्या. "मी जावचंय नाय."

लवूने तिच्या हातातून मला घेतले आणि दिव्यापुढे धरले. "बाटली मी रोज बघी होतंय. माका लाल ता लालच दिसला. तुका पाणी दिसला." मग म्हणाला, "जा तू. आवशीचा औषध मी आणतंय, दर चार दिवसांनी. रापणीचे पैसे तू घे. रापण बघतले लोक."

पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी ती गेली. लवू दुसऱ्यांच्या जाळ्याची दोरी ओढू लागला. त्याबद्दल ओंजळभर मासळी मिळे. मी मात्र दर चार दिवसांनी लालभडक होऊन घरी येत असे. हौसाबाईच्या पायांची सूज त्या वर्षीच उतरली.

१९५८ साली सुभद्राला देवगडच्या बाजूला नोकरी लागली. दर महिन्याला ती चाळीस रुपये पाठवी. दीड वर्षात तिने जाळ्याचा नवा तुकडा घेऊन दिला. पण रापणीत घरे ठरलेली असतात. लवूची जागा बाबू नावाच्या माणसाला मिळाली होती, आणि ती परत मागायची कशी?

आता गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात. माझी पट्टी कधीच सुटली. माझ्यात खोबरेल आहे आणि बुचाऐवजी चिंधीचा बोळा. मला कोणी विचारत नाही.

परवा बाबू लवूबरोबर अंगणात बसला होता. म्हणाला, "लेकीचो पगार येता, आणि तू माझी दोरी ओढतंस. सांग बघया, फायदो झालो की तोटो?"

लवूने दोरीने सोललेले तळवे खोबरेलासाठी हौसाबाईपुढे केले. "अजून मोजतंय रे."

मित्रांनो, तुमच्या शिक्षणाला किती रुपये लागले, हे तुम्ही विचारालच. त्यासाठी घरात कोणी काय घ्यायचे सोडले, तेही विचारा. खरे उत्तर मिळणार नाही. म्हणून एकदा त्यांच्या औषधाची बाटली उजेडात धरून बघा.