दांड्याला बांधलेला बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, मध्येच एखादा उसासा टाकावा, अशी तुमची अपेक्षा असेल. उसासे मलाही येतात. पण आधी माझ्यावर काय गुदरले ते ऐका, आणि मग सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर गोड बोलला असता का?

मी ओतीव लोखंडाचा आहे. तोइवो कोसकेला नावाच्या माणसाने मला मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराजवळच्या आपल्या वाडीवर आणले. तोइवो फार बोलत नसे. त्याने बोअर घेतली, तिच्यात सोडायची नळी अंगणात आडवी ठेवली आणि तिच्या एका बाजूला एक छोटे, गोल छिद्र पाडले. नळी बसवल्यावर ते छिद्र जमिनीत पुरुषभर खोल जाईल, असे मोजूनच त्याने ते पाडले होते.

हे छिद्र कशासाठी, ते नीट समजून घ्या. आमच्याकडे थंडीत जमीनसुद्धा कमरेइतकी खोल गोठते. माझ्या नळीत पाणी उभे राहिले तर त्याचा बर्फ होईल आणि मी फुटेन. म्हणून हापसणे थांबले की नळीतले वरचे पाणी त्या छिद्रातून हळूहळू जमिनीत निघून जाते. माझा घसा कोरडा राहतो आणि मी वाचतो. त्याची किंमत एवढीच, की पुढच्या वेळी पाणी येण्याआधी थोडा वेळ कोरडे हापसावे लागते.

तोइवोची बायको आयली त्या कोरड्या हापसण्याला जाम वैतागायची. "अरे ये की लवकर, आळशा! कॉफीचं आधण काय तुझी वाट बघत बसणार आहे?" असे ती मला रोज सकाळी सुनावायची. मला त्या शिव्या आवडायच्या. शनिवारी तर घरादाराच्या वाफेच्या अंघोळीसाठी ती बादल्यांवर बादल्या भरायची आणि मला दम खाऊ द्यायची नाही. एका हिवाळ्यात वादळाने विजेचे खांब आडवे झाले, तेव्हा सगळा रस्ता माझ्यापुढे किटल्या घेऊन उभा राहिला होता. "तोइवो, हापसा नाही, घोडा आहे घोडा," असे लोक म्हणाले. तोइवो नुसता हसला.

पुढे स्वयंपाकघरात विजेच्या मोटरीचे पाणी आले आणि मी अंगणात पडून राहिलो. माझ्या डोक्यावर कोंबड्या बसायच्या. तोइवो गेला. आयली थकली आणि वाडी विकून शहरात लेकीकडे राहायला गेली. जाताना तिने माझा दांडा एकदा वरखाली केला. त्या वेळी मला राग नव्हता, वाईट वाटले होते.

मग गॅरेट आणि लीआ आले.

मिलवॉकीहून आलेले तरणे जोडपे. साधे राहायचे, आपले अन्न आपण पिकवायचे, काही म्हणजे काही वाया घालवायचे नाही, असे ठरवून आलेले. माणसे वाईट नव्हती, हे मी रागातही सांगतो. भांड्यांचे पाणी ते कोबीला घालत, कोबीची पाने शेळ्यांना, आणि शेळ्यांच्या लेंड्या परत कोबीला. वीज त्यांनी तोडूनच टाकली, फोन चार्ज करण्यापुरते एक सोलर पॅनल तेवढे ठेवले. मोटर गेली आणि मी पुन्हा कामाला लागलो. मला किती आनंद झाला होता, काय सांगू!

पण गॅरेटला मी नुसता कामाला पुरलो नाही. त्याने मला लालभडक रंग दिला. माझ्या तोंडावर फुलांची टोपली टांगली. पाणी भरायचे तर ती आधी काढावी लागायची, आणि ती काढायची लीआ, कारण गॅरेट तेव्हा फोन समोर धरून लोकांना सांगत असायचा, "हा आमचा आजोबा. याच्याकडून आम्ही संयम शिकतो." लीआच्या तळव्यांना घट्टे पडले. गॅरेटचे तळवे मऊच राहिले. संयम म्हणे!

शरद ऋतूत माझ्या आतले चामड्याचे वायसर झिजले. दोघांनी तीन वासे उभे करून कप्पी बांधली आणि नळी वर ओढली. वायसर बदलले, तेही चांगले बदलले. आणि मग गॅरेटला ते छिद्र दिसले.

"लीआ, इकडे ये! हे बघ, भोक पडलंय! तरीच रोज हात मोडेपर्यंत हापसावं लागतं. सगळं पाणी मधल्यामध्ये गळतंय."

लीआने त्याच्यावर बोट फिरवले. "फारच गोल आहे रे. गंजून असं पडतं का?"

"मग काय उंदरानं कुरतडलं?"

"आयलीबाईंना फोन करू या का? त्यांना माहीत असेल."

"झालं! कोबी लावायचा, विचारा आयलीबाईंना. चूल पेटवायची, विचारा आयलीबाईंना. वाडी आपण घेतलीय ना? रोज इतकं पाणी वाया जातंय आणि आपण फोन करत बसायचं?"

लीआ गप्प बसली. गॅरेटने छिद्रात आटे पाडले, एक जाडजूड बोल्ट पिळून बसवला आणि वर डिंकासारखे काहीतरी थापले. मी ओरडत होतो, मित्रांनो! पण लोखंडाचे ओरडणे कोणाला ऐकू येते? जिवावर उठलेल्या माणसाचा निदान प्रतिकार करता येतो. हा तर माझ्या भल्यासाठी माझा घसा दाबत होता, आणि शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी दांडा पहिल्यांदा दाबताच पाणी आले. दोघे अंगणात नाचले. माझा मुका घेतला गेला. त्याचेही चित्रण झाले.

थंडी वेळेवर आली. एका सकाळी लीआ बादल्या घेऊन आली, तर दांडा हलेना. गॅरेटने जोर लावला, लोंबकळून पाहिले. मग तो घरातून उकळते पाणी घेऊन आला आणि माझ्या गारठलेल्या अंगावर त्याने ते ओतले. मी काडकन तडकलो. खांद्यापासून कमरेपर्यंत.

आता पाणी नव्हते. लीआने चुलीवर बर्फ वितळवला. भलेमोठे पातेले भरून बर्फ घातला की तळाला जेमतेम पाणी, आणि त्यासाठी हिवाळ्याचे सरपण भराभरा जळायला लागले. शेळ्या गाभण होत्या. रिकाम्या टबाला तोंड लावून त्या दिवसभर ओरडायच्या. गॅरेटने एका गिऱ्हाइकाला फोन केला आणि शनिवारी येऊन शेळ्या घेऊन जा म्हणाला. शेळ्या गेल्या की घर बंद करून मिलवॉकीला परतायचे, असे त्याने ठरवले. लीआला जायचे नव्हते. ती बर्फाची पातेली चढवतच राहिली.

आणि गॅरेटने पुन्हा फोन समोर धरला. माझ्या चिरेजवळ उभा राहून, चेहरा पाडून म्हणाला, "आम्ही फार जीव लावला याला. पण जुन्या यंत्रांचा काय भरवसा? शेवटी दगा देतात."

दगा! मी दिला! त्या वादळात सगळ्या रस्त्याला पाणी पाजणाऱ्याने? मित्रांनो, तेव्हा माझ्यात पाणी असते तर मी ते त्याच्या तोंडावर फेकले असते.

लीआ शेळ्यांसाठी पाणी मागायला शेजारच्या रेनोच्या गोठ्यावर गेली. तिथे उघड्यावर एक नळ आहे आणि तो भर थंडीतही चालतो. तिने बादल्या भरल्या, नळ बंद केला आणि तिला आतून गुळगुळ आवाज आला. तिने नळ पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला आणि कान लावून ऐकत राहिली.

"पाणी न्यायला आलीस की नळाचं गाणं ऐकायला?" रेनोने विचारले.

"बंद केल्यावर हे पाणी कुठे जातं हो?"

"खाली जमिनीत. नाहीतर गोठेल ना. का गं?"

हे सगळे मला कळले, कारण घरी येताच लीआने गॅरेटला माझ्यापाशीच बोलावले आणि बादल्या खाली ठेवायच्या आधी बोलायला लागली.

"ते भोक कुणीतरी मुद्दाम पाडलं होतं, गॅरेट. त्याच्यामुळेच हा इतके हिवाळे टिकला. आपण ते बुजवलं."

"आपण कशाला म्हणतेस? मी बुजवलं, असं म्हण."

"बरं, तू बुजवलंस. मीही विचारू या म्हणाले आणि गप्प बसले."

"अगं, पण पाणी वाया जात होतं!"

"कुठे वाया जात होतं? ज्या जमिनीतून आलं तिच्यातच परत जात होतं. आपण इथे दुसरं काय करायला आलोय रे?"

गॅरेटने तिच्या हातातल्या बादल्या घेऊन खाली ठेवल्या. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि खरे सांगतो, फोनशिवाय तो माझ्याकडे पहिल्यांदाच पाहत होता. मग तो गोठ्यामागे गेला आणि ते तीन वासे ओढत घेऊन आला.

त्यांनी गरम चिंध्या गुंडाळून माझ्या आतला बर्फ सोडवला, या वेळी सावकाश. नळी छिद्रापर्यंत वर ओढली. गॅरेटने पाना लावून बोल्ट काढताना त्याच्या तळव्याची साल निघाली. नळी परत खाली गेली. माझ्या चिरेवर लीआने जुन्या टायरचे रबर ठेवले आणि वरून लोखंडी पट्टी आवळली. मग तिने दांडा धरला. कोरडे, कोरडे, कोरडे... गॅरेट मान खाली घालून उभा होता. आणि पाणी आले. थोडे चिरेतूनही गळले, पण बादली भरली. शेळ्यांनी टब रिकामा केला, तो तिने पुन्हा भरला. शनिवारी गिऱ्हाईक आले आणि रिकाम्या गाडीने परत गेले.

तुम्हाला वाटेल, आता माझा राग गेला असेल. नाही गेला. माझी चीर भरून येणार नाही आणि दग्याचे ते बोलणे त्याने अजून मागे घेतलेले नाही. कोणत्याही जुन्या वस्तूत तुम्हाला वेडेवाकडे काही दिसले, तर दुरुस्त करायच्या आधी ते कोणी आणि का केले, एवढे विचारा. फुलांची टोपली नका टांगू. विचारा!

ती टोपली लीआने काढून टाकली आहे. तिच्या जागी तिने तो बोल्ट तारेने माझ्या दांड्याला बांधला आहे. दांडा हलला की प्रत्येक वेळी तो खणखण वाजतो. आता रोज सकाळचे पाणी गॅरेट भरतो. तो बोल्ट काढून टाकणे त्याच्या हातात आहे, पण अजून त्याने काढलेला नाही. पाहुणे आले की विचारतात, हे काय बांधलंय? लीआ नुसती गॅरेटकडे बघते.

मग त्यालाच सांगावे लागते.